वही हरवलेलं खोकं

माझे अब्बा श्रीगोंद्यात रेडिओ दुरुस्त करायचे. ते गेल्यावर दुकान आवरताना फळीवर एक जड खोकं निघालं. समोर मोठी तबकडी आणि हेडफोन लावायची जागा. धाकटा म्हणाला, "भाई, भंगारात देऊन टाकू." मी म्हटलं, आधी हे आहे काय ते तरी कळू दे.

नगर लष्कराचं ठाणं. तिथल्या जुन्या बाजारातून अब्बा काहीबाही आणत. अशी अनोळखी लष्करी वस्तू हाती आली, तर पहिला नियम म्हणजे वीज जोडायची नाही. जुने कंडेन्सर दगा देतात. काटा किंवा आकडे अंधारात चमकणाऱ्या रंगाचे असतील तर खरवडू नयेत. त्या रंगात रेडियम असू शकतं.

मग अंगावरच्या खुणा वाचायच्या. बाणाचं टोक कोरलेलं असेल तर माल ब्रिटिश सरकारचा. अलीकडच्या वस्तूवर तेरा आकडी क्रमांक असतो. सुरुवातीला ६६२५ असेल तर ते विद्युत मोजमापाचं यंत्र. पुढचे दोन आकडे देशाचे: ९९ ब्रिटन, ७२ भारत.

आमच्या खोक्यावरच्या पट्टीवर अमेरिकन सिग्नल कोअरचं नाव होतं आणि पुढे बीसी-२२१. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला फ्रिक्वेन्सी मीटर. रेडिओ नेमक्या कोणत्या लहरीवर आहे, ते हा सांगतो. तबकडी फिरवत जावं, हेडफोनमधली शिटी खाली खाली येत थांबते. तिथला आकडा घ्यायचा आणि वहीत बघायचा.

खरी गोम त्या वहीत आहे. प्रत्येक खोक्याची वही त्याच्यापुरतीच मोजून केलेली. दोन्हींवर एकच क्रमांक. दुसऱ्या खोक्याची वही चालत नाही.

आमच्या झाकणात वहीची जागा रिकामी होती. तेव्हा आठवलं, नुसत्या आकड्यांची एक जाड वही अब्बांच्या कागदांत होती. समासात निळ्या शाईत त्यांनी केंद्रांची नावं लिहिली होती. रद्दीची तीन पोती मीच बांधून दिली होती.

आजच्या मीटरशी ताडून नवी वही करता येते. भाच्यानं ते काम अंगावर घेतलंय. आकडे परत मिळतील, समासातलं अक्षर मिळणार नाही.

तुमच्या माळ्यावर असं खोकं असेल, तर त्याच्याआधी त्याचे कागद शोधा.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)