ज्याची वहीत नोंद नाही

सिस्टर आणि ब्रदर मंडळी, आणि शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या मावशी-मामांनो,

माझी ओळख करून देताना निवेदिकेने मला ‘सेवाव्रती’ म्हटलं. त्या मुलीवर माझा राग नाही, पण त्या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. व्रत घेतलेल्या बाईला भूक लागत नाही. तिला आठ तासांत एकदाही लघवीला जायचं नसतं, तिची कंबर धरत नाही, आणि कुणी अंगावर धावून आलं तरी तिने हसतमुख राहायचं असतं. मी 35 वर्षं पगार घेऊन नोकरी केली. मन लावून केली, पण नोकरीच केली. म्हणून आज तिच्याकडे नोकरी म्हणूनच बघू या.

वॉर्डात किती वह्या असतात ते तुम्हाला सांगायला नको. रिपोर्ट बुक, डाएटची वही, लिननची वही, औषधांचा साठा, ऑक्सिजनची सिलिंडरं. थर्मामीटर फुटला तर नोंद, चादर हरवली तर नोंद आणि वर वसुली. पण सिस्टरच्या पोटात शुद्धीवर नसलेल्या पेशंटची लाथ बसली, मावशीच्या हातात काळ्या पिशवीतली सुई घुसली, ब्रदरची कॉलर नातेवाइकांनी धरली, तर ते कुठल्या वहीत लिहायचं? मी अधिसेविका म्हणून निवृत्त झाले तोपर्यंत मला त्या वहीचा रंगसुद्धा दिसला नाही. जे वहीत नाही ते झालंच नाही, हा सरकारी कारभाराचा पहिला धडा. आमच्या दुखण्याच्या बाबतीत तो अगदी चोख पाळला गेला.

एक माझीच गोष्ट सांगते. 1994 साल, मेडिकल वॉर्ड, पहाटे पाचची इंजेक्शनं. चाळीस खाटा, आम्ही दोघी. घाईत सुईला टोपण परत लावायला गेले आणि ती डाव्या हाताच्या बोटात शिरली. इन्चार्ज सिस्टरनी बोट नळाखाली धरायला लावलं, दाबून रक्त काढायला लावलं आणि म्हणाल्या, “हं, चल, सहा नंबरचं राहिलंय.” त्या वाईट नव्हत्या. त्यांच्या वेळी त्यांनाही कुणी हेच सांगितलं असणार. माझा मुलगा तेव्हा सात महिन्यांचा, अंगावर पिणारा. मी त्याला वरचं दूध सुरू केलं आणि सासूबाईंना सांगितलं, आटलं. नवऱ्याला काहीच सांगितलं नाही. सहा महिन्यांनी रक्त तपासून घेतलं, तेही दुसऱ्या गावात, दुसऱ्या नावाने. काही निघालं नाही. पण ते सहा महिने कुठल्याही रजेत धरलेले नाहीत.

आज आपल्याला जास्त कळतं. टोपण परत लावायचं नाही, सुई तिथल्या तिथे कटरमध्ये आणि मग पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवायचं, बोट पिळायचं नाही. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवी. आपण सगळे घाबरतो ते एचआयव्हीला. त्याच्या बाधित रक्ताची सुई टोचली तर धोका हजारात सुमारे तीन. हिपॅटायटिस बीचा धोका लस न घेतलेल्या माणसाला शंभरात तीसपर्यंत जातो, आणि त्यावर तर लस आहे, तीन डोसांची. या सभागृहात तिन्ही डोस पूर्ण झालेल्यांनी हात वर करा, असं मी म्हणणार होते. म्हणत नाही. मागच्या रांगेकडे बघून मला वाईट वाटेल. 2016च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, नोकरीला लागताना आणि पुढे वर्षातून एकदा तरी तपासणी करायची, आणि सुई टोचण्यासारखे लहान अपघातही वार्षिक अहवालात दाखवायचे. कंत्राटी मावशी त्यातून वगळल्या आहेत, असं त्यात कुठे नाही. तरी वार्षिक अहवालात त्या जागी शून्य असतं. शून्य आलं की मला शंका येते. इतकी शहाणी रुग्णालयं मी पाहिलेली नाहीत.

नोंद न होण्याची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याच व्यवसायात घडली. 27 नोव्हेंबर 1973ला मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलत होती. तिथल्याच एका कर्मचाऱ्याने तिच्यावर हल्ला केला. पुढची 42 वर्षं ती त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिली आणि 18 मे 2015ला गेली. या काळात केईएमच्या परिचारिकांच्या किती पिढ्यांनी तिला भरवलं, कुशी बदलली, तिच्या अंगाला फोड येऊ दिले नाहीत. या सेवेचं कौतुक सगळ्यांनी केलं आणि ते खरंच होतं. मला मात्र नेहमी दुसरी गोष्ट टोचत राहिली. खटला चालला तो जबरी चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाचा. तिच्यावर झालेला लैंगिक अत्याचार त्या कागदांत आलाच नाही. आरोपी सात वर्षांची शिक्षा भोगून सुटला. आणि तळघर? ड्युटी संपल्यावर एकटीला कपडे बदलायला तळघर का, हा प्रश्न विचारायला आपल्याला किती वर्षं लागली? ऑगस्ट 2024मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एक तरुण डॉक्टर 36 तासांच्या ड्युटीत सेमिनार हॉलमध्ये झोपायला गेली, कारण डुलकी काढायला दुसरी जागा नव्हती, आणि तिथेच तिच्यावर अत्याचार होऊन तिचा खून झाला. पन्नास वर्षांत आपण तळघरातून सेमिनार हॉलपर्यंत आलो. आपल्या वॉर्डाच्या चेंजिंग रूमला आतून कडी आहे का, ते परत गेल्यावर बघा. माझ्या शेवटच्या पोस्टिंगमध्ये नव्हती. चार पत्रं लिहिली. शेवटी सुताराला घरून पैसे दिले, हे प्रशासनातल्या मंडळींनी ऐकलं तरी चालेल.

आता मारहाण. महाराष्ट्रात 2010चा कायदा आहे. रुग्णसेवेतल्या माणसावर हात टाकला तर तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, मोडतोडीची भरपाई दुप्पट. कागदावर आपल्याला आणखी काय हवं? तरीही 2017मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला जबर इजा झाली, आणि राज्यभरच्या निवासी डॉक्टरांनी सामूहिक रजा टाकली. मग सुरक्षा रक्षक आले. रक्षक हवेत, पण रक्षक गेटवर असतो आणि भांडण खाटेपाशी होतं. कॅमेऱ्यात फक्त कुणी मारलं ते नंतर दिसतं.

माझ्या अनुभवात हात उगारला जातो त्याच्या आधी दोन-तीन तास कुणीतरी काहीतरी विचारत असतं आणि त्याला उत्तर मिळत नसतं. रात्री दीड वाजता गावाकडून जीप येते, त्यात आठ माणसं. खाट नाही, डॉक्टर दुसऱ्या पेशंटला नळी लावण्यात अडकलेले, सिस्टर एकटी. ती पाचव्यांदा ‘थांबा’ म्हणते. माणूस गेल्याचं सांगायचं काम सगळ्यात नव्या पोराच्या गळ्यात पडतं, तेही व्हरांड्यात उभ्या-उभ्या. एका रुग्णालयात एका डॉक्टरांनी नियमच केला होता की मृत्यूची बातमी खुर्चीवर बसून, दार लावून, दोघांनी मिळून द्यायची. पाण्याचा ग्लास ठेवायचा. त्या कॅज्युअल्टीत मी तीन वर्षं होते. आरडाओरडा झाला, खुर्ची कधी उचलली गेली नाही.

आणि मग तक्रार. मार खाणारा पोलीस ठाण्यात जातो, दुसऱ्या दिवशी नातेवाईक पाया पडायला येतात, तिसऱ्या दिवशी साहेब म्हणतात, ‘जाऊ द्या, आपल्यालाच इथे राहायचंय.’ कोलकात्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने केंद्रीय रुग्णालयांना कळवलं की हिंसा झाल्यापासून सहा तासांत संस्थेच्या वतीने फिर्याद नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची. मला हे रक्षकांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. फिर्यादी म्हणून रुग्णालय उभं राहिलं की पाया कुणाच्या पडायचं, असा प्रश्न त्या नातेवाइकांना पडेल. आपल्या जिल्ह्यांतही हेच व्हावं, असा ठराव दुपारी येणार आहे. त्यात ‘विनंती’ हा शब्द आहे. तो काढा.

पण माणसंच नसतील तर कुठलाही ठराव लंगडा. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे: शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक परिचारिका, इतरत्र पाचांमागे एक, वर रजेसाठी 30 टक्के जादा. हे आकडे ऐकून मागे कुणीतरी हसलं. मीही हसायचे, एका आगीची बातमी येईपर्यंत. नोव्हेंबर 2021मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी 11 रुग्ण गेले. पुढे ज्यांना अटक झाली त्यांत परिचारिका होत्या. दोष कुणाचा ते न्यायालय ठरवेल, मी त्यात पडत नाही. पण रिकामी पदं, जुनी वायरिंग, बंद पडलेली यंत्रणा हे वर्षानुवर्षं हँडओव्हरमध्ये तोंडी सांगितलं जातं. ते लिहून, तारीख घालून, पोच घेऊन ठेवलेलं नसेल तर चौकशीच्या दिवशी आपल्या हातात काय असतं? फक्त ड्युटीचा तक्ता, आणि त्यावर आपलं नाव.

म्हणून स्वागत समितीला मी एकच गोष्ट मागितली होती. नोंदणीच्या टेबलाशेजारी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. तारीख, वॉर्ड, काय झालं, कुणाला सांगितलं, केलेली कार्यवाही, असे रकाने मी रात्री स्वतः आखले. नाव घालायची सक्ती नाही. मावशींना लिहिता येत नसेल तर शेजारच्या सिस्टरने लिहून द्यावं. संध्याकाळी ती वही ठरावांबरोबर जोडून पाठवायची आहे. पहिल्या ओळीत मी माझी सुई लिहिली आहे. 1994, मेडिकल वॉर्ड, डावी तर्जनी. ‘केलेली कार्यवाही’मध्ये काय लिहावं ते सुचेना, म्हणून ‘नळाखाली धरली’ असं लिहिलं.

पेन दोरीने बांधलेलं आहे. कुणी नेऊ नका.