भरती, वाळू आणि बंदर : नॉर्मंडीच्या स्वारीची पूर्वतयारी



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्या गुरुवर्यांनी या शाळेत इतिहास आणि भूगोल हे दोन्ही विषय शिकविले. म्हणून दोहोंच्या शिवेवरचा विषय मी निवडला आहे. ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांनी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरविले. एका दिवसात सुमारे दीड लाख माणसे समुद्रमार्गे व आकाशमार्गे फ्रान्सच्या भूमीवर पोहोचली. ही कथा बहुधा शौर्याची म्हणून सांगितली जाते, आणि ते शौर्य खरेच आहे. मला मात्र त्यामागच्या हिशेबाविषयी बोलावयाचे आहे. तो कोठे पुरला आणि कोठे अपुरा पडला, याविषयी.

या हिशेबाची पहिली किंमत कॅनडाच्या सैनिकांनी मोजली. १९ ऑगस्ट १९४२ रोजी दिएप या बंदरावर समोरून हल्ला झाला. रणगाडे किनाऱ्यावरील गोट्यांत रुतले आणि नऊशेहून अधिक कॅनेडियन मृत्युमुखी पडले. तटबंदीचे बंदर थेट जिंकता येत नाही, हे त्या दिवशी कळले. परंतु बंदराविना लाखोंच्या सैन्याला रसद कशी पुरवावी? उत्तर विलक्षण होते : बंदर जिंकता येत नसेल, तर ते बांधून बरोबर न्यावे. भरतीबरोबर वरखाली होणारे तरंगते धक्के हवेत, असे टिपण चर्चिल यांनी दिएपच्याही आधी, मे १९४२ मध्ये, लिहिले होते. पुढे ‘मलबेरी’ या सांकेतिक नावाची दोन बंदरे इंग्लंडात सुट्या भागांनी तयार झाली. त्यांतील काँक्रीटच्या सर्वांत मोठ्या पेट्या सुमारे सहा हजार टनांच्या होत्या.

आपण गोमंतकीय समुद्राकाठचे लोक. मांडवीच्या मुखाशी उधाणाचे पाणी फार तर अडीच मीटर चढते. नॉर्मंडीत ते सहा मीटरांच्याही वर जाते आणि ओहोटीला शेकडो मीटर पुळण उघडी पडते. रोमेल यांनी त्या पुळणीत सुरुंग बांधलेले खांब व लोखंडी अडथळे रोवून ठेवले होते. भरतीला आलेली नौका त्यांवर फुटणार. ऐन ओहोटीला आलेल्या सैनिकाला उघड्या वाळूतून गोळ्यांच्या वर्षावात धावावे लागणार. म्हणून ओहोटी संपून पाणी चढू लागताना, पहाटेच्या उजेडात उतरावयाचे ठरले. ती घटिका काढली लिव्हरपूलजवळच्या वेधशाळेत आर्थर डूडसन या भरतीशास्त्रज्ञाने, दातेरी चाके आणि कप्प्या असलेल्या यंत्रावर. किनारा कोणता, हे त्यांना सांगितले नव्हते. आकडे ‘झेड’ या स्थानासाठी मागविले होते. भरती पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते, म्हणून अमेरिकन साडेसहाला उतरले आणि ब्रिटिश सुमारे तासाभराने. वाळू रणगाड्याचे वजन पेलेल का, हे पाहण्यासाठी १९४३ च्या अखेरच्या रात्री दोन ब्रिटिश सैनिक पोहत जाऊन शत्रूच्या किनाऱ्यावरील वाळूचे नमुने घेऊन आले. मला या साऱ्या प्रकरणात सर्वाधिक आदर त्या दोघांविषयी वाटतो.

जनरल मॉर्गन यांच्या १९४३ च्या आराखड्यात पहिल्या लाटेला तीनच डिव्हिजन होत्या, कारण नौकाच तेवढ्या होत्या. आयझेनहॉवर आणि माँटगोमेरी यांनी त्यांच्या पाच केल्या, आणि वाढीव नौकांसाठी मुहूर्त मे महिन्यावरून जूनवर गेला.

रंगीत तालीमही निर्धोक नव्हती. २८ एप्रिल रोजी इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ सरावाच्या ताफ्यावर जर्मन टॉर्पेडो नौकांनी झडप घातली. सातशेहून अधिक अमेरिकन मेले. काही जण केवळ जीवरक्षक पट्टा चुकीच्या जागी, कमरेला, बांधल्यामुळे. ज्या ‘यूटा’ किनाऱ्यासाठी हा सराव होता, तेथे प्रत्यक्ष ६ जूनला याहून कितीतरी कमी माणसे पडली.

छत्रीधारी सैनिकांना चांदणे हवे, नौकांना पहाटेची ओहोटी हवी. दोन्ही जुळणारे दिवस ५, ६ आणि ७ जून. पाचवा वादळाने हुकला. हवामानतज्ज्ञ स्टॅग यांनी थोडी उघडीप मिळेल असे सांगितले, आणि आयझेनहॉवर यांनी सहावा धरला.

‘ओमाहा’ किनाऱ्यावर मात्र कागद आणि समुद्र यांची गाठ पडली. कॅनव्हासच्या पडद्यांवर तरंगणारे रणगाडे किनाऱ्यापासून दूर पाण्यात सोडावयाचे होते. एका पलटणीने उसळत्या समुद्रात तसे २९ सोडले, २७ बुडाले. शेजारच्या पलटणीच्या अधिकाऱ्यांनी लाटा पाहिल्या, आज्ञा बाजूस ठेवली आणि आपले रणगाडे नौकांतूनच थेट वाळूपर्यंत नेले. आराखडा दोघांचा एकच होता. पहिल्या पलटणीवर आळशीपणाचा ठपका ठेवणे मला अन्यायाचे वाटते; त्यांनी हुकूम पाळला.

पुढे १९ ते २२ जूनच्या वादळाने ओमाहाचे मलबेरी मोडून टाकले. ब्रिटिशांचे, आरोमाँश येथील, तगले आणि मोडक्याचे उपयोगी भाग त्याच्या डागडुजीस गेले. शेरबुर्गचे बंदर जूनअखेर हाती आले, तेही जर्मनांनी उद्ध्वस्त केलेले. मग ओमाहावर अमेरिकनांनी मोठी जहाजे ओहोटीला सरळ वाळूवर बसू दिली. अशाने जहाजांचा कणा मोडेल, अशी आधी धास्ती होती. तो मोडला नाही, आणि त्या उघड्या पुळणीवरून आराखड्यात धरला होता त्याहून अधिक माल उतरू लागला.