खोल्या कुणाच्या, भाडं कुणाचं?

(महिला मेळाव्यातील भाषणाचं शब्दांकन)



चाकण म्हणजे कांद्या-बटाट्याचा बाजार, अशी एके काळी ओळख होती. बाजार आजही आहे. पण १९९९ साली बजाजचा आणि २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना इथं सुरू झाला. मागून सुटे भाग करणारी छोटी-मोठी युनिटं आली आणि खेड तालुक्यातल्या गावांचं रूप पालटलं. मला विचारायचंय ते एवढंच, की यात बाईच्या हाताला काय लागलं?

शेती होती तेव्हाही उताऱ्यावर तिचं नाव नव्हतंच. पण खुरपणी, कांद्याची लागण, गुरांचं शेण-पाणी तिच्यावाचून अडत होतं. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या विकून आठवडी बाजाराला चार पैसे तिच्या कनवटीला लागायचे. जमीन गेली, वैरण संपली, गुरं विकली. मोबदला मिळाला तो सात-बारावर ज्याचं नाव त्याला.

कारखान्यात आयटीआय झालेली तरुण पोरं घेतात, तीही बरीचशी ठेकेदारामार्फत. चाळिशीच्या बाईला मिळतं ते झाडू-पोछ्याचं काम, कॅन्टीनमधल्या पोळ्या, नाहीतर सोसायट्यांमधली धुणीभांडी. ठेकेदार बदलला की तिची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून!

पण आज मला बोलायचंय ते खोल्यांबद्दल. उरलेल्या चार गुंठ्यांत घरोघरी पत्र्याच्या खोल्या निघाल्या. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कामगार त्यांत राहतात. (भाडेकरू बायकांचे हाल हा वेगळा विषय आहे, त्यावर स्वतंत्र बोलायला हवं.) या खोल्या चालवतं कोण? सकाळी मोटर लावून पाणी कोण सोडतं? मीटरचे आकडे टिपणं, संडास तुंबला तर माणूस शोधणं, रात्री भांडणं सोडवणं, दहा तारखेला दारोदार जाऊन भाडं गोळा करणं, सगळं बाईच करते. गोळा झालेले पैसे नवऱ्याच्या खिशात जातात. आणि तिला काम विचारलं तर सांगते, ‘काही नाही, घरीच असते.’ शेतात राबायची तेव्हाही आपण हेच उत्तर देत होतो की!

दुसरी गोष्ट हक्कसोडपत्राची. जमिनीला भाव आला की भावांना बहिणीची आठवण येते, सहीपुरती. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली. त्या वेळी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. तरी माहेर तुटेल या भीतीनं बाई सही करते. मी तिला दोष देणार नाही. नवऱ्यानं टाकलं तर ती जाणार कुठं? सुनेला तर नवऱ्याच्या हयातीत त्याच्या जमिनीची वाटणीच मागता येत नाही.

म्हणून निदान घरापासून सुरुवात करू. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवरा-बायको दोघांची नावं लावता येतात. खोल्यांचीही नोंद तिथंच होते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घराचा नमुना आठचा उतारा आणा. ग्रामपंचायत अधिकारी टाळाटाळ करत असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्ज लिहायला आम्ही दोघी-तिघी बसणार आहोत.