अवघड मैदानाचा आनंद



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहीजणांना हसू आले असेल, याची मला कल्पना आहे. या दिवसांत बुराईचे पात्र कोरडे, शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागलेले, आणि व्याख्याता बोलणार कशावर, तर शंभर-सव्वाशे एकरांची हिरवळ राखून खेळल्या जाणाऱ्या गोल्फ नावाच्या श्रीमंती खेळावर! तेव्हा आरंभीच सांगून टाकतो की, शिंदखेड्यात गोल्फचे मैदान व्हावे अशी मागणी घेऊन मी आलेलो नाही. आपल्या विहिरींचे पाणी सुरक्षित आहे!

माझा प्रश्न निराळा आहे. माणूस आपण होऊन अवघड गोष्ट का पत्करतो? आणि एक अवघड गोष्ट त्याला आनंद देते, तर दुसरी नुसतीच छळते, हे कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर गोल्फच्या मैदानावर फार स्वच्छ दिसते, म्हणून ही वाट धरली.

गोल्फ हे नाव आपल्याला अगदीच परके नाही. आपल्यापैकी जे नाशिकला जातात त्यांना 'गोल्फ क्लब मैदान' ठाऊक आहे. त्याचे रीतसर नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तेथे रणजी करंडकाचे क्रिकेट सामने झाले आहेत. पण लोकांच्या तोंडी नाव राहिले आहे ते गोल्फचेच.

आता खेळ थोडक्यात सांगतो. लहानपणी आपण सर्वांनी विटीदांडू खेळलेला आहे. तेथे विटी गलीपासून जितकी दूर जाईल तितके आपले कौतुक. गोल्फमध्ये उलट. चेंडू दूरवरून काठीने टोलवत आणायचा आणि शेवटी जमिनीतल्या सव्वाचार इंच रुंदीच्या खळग्यात घालायचा. असे अठरा खळगे. जो कमीत कमी फटक्यांत अठराही पुरे करील तो जिंकला. वाटेत मोकळा हिरवा पट्टा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंस वाढलेले गवत आणि झाडी; मध्येच ओढा, तळे, वाळूचे खड्डे. खळग्याभोवती मात्र गालिच्यासारखी हिरवळ, आणि तीही सपाट नाही, चढउतारांची. म्हणजे मैदान हाच येथे प्रतिस्पर्धी.

काही वर्षांपूर्वी पुण्यातील एका स्नेह्यांबरोबर मी असे एक मैदान पायी फिरलो. खेळलो नाही, नुसता पाहत होतो. आमच्यापुढे सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ खेळत होते. त्यांचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला. पहिला फटका वाया, दुसरा वाया, तिसऱ्याला चेंडू बाहेर आला, आणि त्या गृहस्थांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. मला म्हणाले, "हा खड्डा मला पंचवीस वर्षे छळतो आहे." मी म्हटले, "मग एखाद्या सोप्या मैदानावर का नाही जात आपण?" ते म्हणाले, "सोप्या मैदानावरचा खेळ घरी पोहोचेपर्यंत विसरतो, साहेब."

पुढे दुसऱ्या एका गावी, नाव सांगत नाही, याहूनही अवघड म्हणून गाजवलेले मैदान पाहिले. तेथे मात्र सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. अर्धा वेळ माणसे काटेरी गवतात चेंडू शोधीत होती. पुढे खड्डा आहे हे चेंडू त्यात पडल्यावरच कळत होते. दोन्हीही मैदाने अवघडच. पण एकावरून माणूस उद्या पुन्हा येईन म्हणत घरी जात होता, आणि दुसऱ्यावरून शिव्या देत. असे का व्हावे?

ज्यांनी या प्रश्नाचा मुळापासून विचार केला, त्यांत डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांचे नाव मोठे आहे. गृहस्थ पेशाने डॉक्टर. बोअर युद्धात असताना त्यांनी पाहिले की, बोअर शिपाई जमिनीच्या चढउतारांचा उपयोग करून कसे दिसेनासे होतात. पुढे डॉक्टरकी सोडून ते मैदाने आखू लागले, तेव्हा ती नजर त्यांच्या कामी आली. १९२० साली त्यांनी या विषयावर छोटेसे पुस्तक लिहिले. त्यातला विचार माझ्या शब्दांत सांगतो. मैदान असे असावे की, उत्तम खेळाडूलाही त्यावर डोके चालवावे लागेल आणि नवख्यालाही, त्याचे फटके कितीही वाढले तरी, खेळाची गोडी लागेल. आणि चेंडू शोधीत बसण्याचा वैताग तर कोणालाच होऊ नये.

मॅकेन्झी आणि अमेरिकेचे विख्यात खेळाडू बॉबी जोन्स या दोघांनी मिळून अमेरिकेत ऑगस्टा येथे खासगी क्लबाचे मैदान आखले. ते १९३३ साली सुरू झाले. वाळूचे खड्डे हीच अडचणीची खूण असे मानणाऱ्यांना आश्चर्य वाटेल, पण त्या सबंध मैदानावर आरंभी अवघे बावीस खड्डे होते. पट्टे ऐसपैस. मग अडचण कोठे? तर निवडीत! तेथल्या तेराव्या खळग्यापुढे एक ओढा वाहतो. बलवान खेळाडू दुसऱ्याच फटक्यात ओढा ओलांडू पाहतो. साधले तर मोठा लाभ, चुकले तर चेंडू पाण्यात. ज्याला आपली ताकद ठाऊक आहे तो ओढ्याच्या अलीकडे थांबतो आणि तिसऱ्या फटक्यात अलगद पलीकडे जातो. ओढा दोघांनाही स्वच्छ दिसतो आणि वाट दोघांनाही आहे. किती धोका पत्करायचा, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे.

एवंच, अवघड मैदान आनंद देते ते तीन अटींवर. अडचण आधी दिसली पाहिजे. तिच्यातून एकाहून अधिक वाटा असल्या पाहिजेत. आणि चूक झाली तरी परतीचा रस्ता उरला पाहिजे. खड्ड्यात पडलेल्याला दंड व्हावा, पण त्याचा खेळच संपू नये.

चौथी गोष्ट दुर्बलांविषयीची. आपल्याकडे मुले खेळताना धाकट्या भावंडाला 'लिंबूटिंबू' म्हणून घेतात. तो बाद झाला तरी बाद नाही. त्यात प्रेम आहे, पण त्या पोराला ठाऊक असते की, आपण खरे खेळत नाही. गोल्फने याहून चांगली युक्ती काढली. प्रत्येकाच्या आजवरच्या खेळावरून त्याला किती फटक्यांची सूट द्यायची हे ठरते. तिला 'हँडिकॅप' म्हणतात. शिवाय चेंडू मारण्यास आरंभ करण्याच्या जागाही मागे-पुढे ठेवलेल्या असतात. त्यामुळे आजोबा नातवाशी आणि नवशिका पटाईताशी खरीखुरी झुंज घेऊ शकतो, आणि जिंकूही शकतो. दया दाखवून नव्हे, हिशेबाने!

अवघडपणाची गोडी पहिल्या भेटीतच लागते असेही नाही. ज्या बॉबी जोन्सचे नाव मी घेतले, तो १९२१ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर प्रथम खेळला. त्या मैदानाने त्याला इतके जेरीस आणले की, अकराव्या खळग्याशी वाळूत अडकल्यावर त्याने रागारागाने स्पर्धाच सोडली. पण पुढे तोच जोन्स १९२७ साली तेथे ब्रिटिश ओपन जिंकला, त्या मैदानाचा निस्सीम भक्त झाला, आणि १९५८ साली त्या गावाने त्याला आपले मानाचे नागरिकत्व दिले. मैदान बदलले नव्हते. माणूस बदलला होता.

सेंट अँड्र्यूजविषयी आणखी एक सांगायचे आहे. खळगे अठराच का, याचे मूळही तेथेच आहे. १७६४ साली बावीसांचे अठरा झाले. पण हे जगप्रसिद्ध मैदान कोणा क्लबाच्या मालकीचे नाही. ती गावाची जमीन आहे. रविवारी तेथे एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी त्या हिरवळीवर पोराबाळांसह फिरतात.

येथे आपण 'खासगी' या शब्दापाशी येतो. भारतात हा खेळ फार जुना; कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९ सालचा. पण मैदानाला कुंपण होते आणि कुंपणाच्या आत कोणी यायचे हे रंगावरून ठरत होते. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी विलिंग्डन क्लब काढला, तो युरोपियन आणि हिंदी या दोघांनाही प्रवेश देणारा, याची त्या काळी नवलाई वाटली. ऑगस्टाच्या ज्या उदार मैदानाचे मी एवढे कौतुक केले, त्या क्लबाला पहिला कृष्णवर्णीय सभासद घेण्यास १९९० साल उजाडावे लागले, आणि पहिल्या स्त्री-सभासदांसाठी २०१२! म्हणजे ज्यांनी दुबळ्यासाठी ओढ्याच्या अलीकडे वाट ठेवली, त्यांनी फाटकापाशी मात्र एकही वाट ठेवली नव्हती.

तरी माणसे आत शिरलीच. दिल्ली गोल्फ क्लबाचे मैदान अरुंद पट्ट्यांचे, दाट झाडीचे, मध्ये जुन्या कबरी असलेले. दांडगाईपेक्षा नेम मागणारे. तेथे १९९१ साली इंडियन ओपन जिंकले अली शेर यांनी. इतरांच्या काठ्या वाहणारा कॅडी म्हणून त्यांनी सुरुवात केली होती. एस. एस. पी. चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात हिरवळ राखण्याचे काम करीत. तेथेच मुलगा खेळ शिकला. चौरसिया यांचा फटका फार लांब जाणारा नव्हे. पण २०१६ साली त्यांनी दिल्लीत इंडियन ओपन जिंकले आणि २०१७ साली, ज्याच्या अवघडपणाबद्दल नामांकित खेळाडूंनीही कुरकुर केली अशा गुरुग्रामच्या नव्या मैदानावर, ते पुन्हा जिंकले. तेही सात फटक्यांच्या आघाडीने. चांगल्या अडचणीचा हा गुण पाहा! समोर कोणाचा मुलगा उभा आहे हे ती विचारीत नाही. फटका कसा आहे एवढेच विचारते. विचारणा होते ती फाटकावर.

म्हणून माझे म्हणणे असे की, ओढा, वाळू, चढउतार या अडचणी खेळाचा प्राण आहेत. त्या काढल्या तर खेळ मरतो. पण कुंपण ही अडचण खेळाची नव्हे. ती दिसते, पण तिच्यातून दुसरी वाट नसते आणि परतीचा रस्ताही नसतो. आपण सांगितलेल्या तीनपैकी दोन अटींत ती नापास होते. अवघडपणाच्या नावाखाली कुंपण खपवणे, हीच खरी लबाडी.

आता आपण घरी जाल, तेव्हा गोल्फ येथेच ठेवून जा. माझी हरकत नाही. पण आपल्या गावात अवघड मैदाने कमी का आहेत? गणिताचा तास आहे, तालमीचा हौदा आहे, पहिल्यांदा बँकेची पायरी चढणारी बाई आहे. आपल्या हाती वडीलपणा, शिक्षकपण किंवा पंचपण येते, तेव्हा आपण नकळत एक मैदान आखत असतो. ते सोपे करू नका. सोप्यावर वाढलेले पोर घरी पोहोचेपर्यंत सारे विसरते. ते अवघडच ठेवा. मात्र खड्डा आधी दिसेल असा ठेवा, दुबळ्यासाठी दुसरी वाट ठेवा, पडलेल्याला परत येऊ द्या. आणि सर्वांत आधी फाटक उघडे आहे ना, हे जाऊन पाहा.