मुलांसह मुंबईस जाताना कोठे उतरावे?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात रत्नागिरी येथे केलेले भाषण)



आपल्या चिटणिसांनी मला "काही तरी उपयोगी बोला" अशी आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम संकोचले. माझे सारे आयुष्य प्राथमिक शाळेत इतरांची आणि घरी स्वतःची मुले सांभाळण्यात गेले. व्यासपीठावरून बोलावे असे पांडित्य माझ्यापाशी नाही. परंतु दर वर्षी मे महिना जवळ आला, की आपल्यापैकी कोणी ना कोणी मला विचारते, "बाई, यंदा मुलांना मुंबई दाखवायची आहे. कोठे उतरावे?" या प्रश्नाचे उत्तर मला अनुभवाने, तेही एका चुकीच्या अनुभवाने मिळाले आहे. तेच आज आपल्यापुढे ठेवते.

१९८८ सालच्या मे महिन्यात यजमानांना कचेरीच्या कामासाठी आठ दिवस मुंबईस जावयाचे होते. त्यांच्याबरोबर आम्हीही निघालो. मुलगा साडेपाच वर्षांचा, मुलगी अडीच वर्षांची. त्या काळी कोकण रेल्वे नव्हती. रात्रभराचा एसटीचा प्रवास करून आम्ही मुंबईस पोचलो. डोंबिवलीस माझ्या मावससासूबाई राहत. त्यांच्याकडे न उतरता अन्यत्र उतरणे म्हणजे नात्याचा अपमान, हे आपणांस निराळे सांगावयास नको. त्यांचे घर दोन खोल्यांचे, पण मन मोठे. त्यांनी आम्हांस काही कमी पडू दिले नाही. पुढे जे घडले त्याचा दोष त्यांच्याकडे तिळमात्र नाही. दोष होता तो आमच्या हिशेबाचा. डोंबिवलीपासून त्या वेळचे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, जवळजवळ पन्नास किलोमीटर दूर आहे. आम्ही अंतर मोजलेच नाही. "गाडी थेट जाते, एक तासाचा प्रश्न", एवढे ऐकले आणि निश्चिंत झालो.

तिसऱ्या दिवशी मी दोन्ही मुलांना घेऊन एकटीच राणीच्या बागेत गेले. सकाळी नऊ वाजताची गर्दी कशीबशी सोसली. भर दुपारी मुलगी पेंगू लागली, मुलगा कुरकुरू लागला. पण परत जावे तर दीड तासाची वाट, आणि एवढे येऊन काही पाहिले नाही ही रुखरुख. म्हणून झाडाखाली बसून दुपार काढली, आणि भायखळ्यास गाडीत चढले ती नेमकी सायंकाळी सहाच्या सुमारास. महिलांच्या डब्यात पाय ठेवावयास जागा नव्हती. डोंबिवली आली, तशी उतरणाऱ्या बायकांच्या लोंढ्याबरोबर मुलगा फलाटावर उतरला, आणि कडेवर मुलगी व खांद्यावर पिशवी अशा स्थितीत मी दारापर्यंत पोचण्यापूर्वीच गाडी सुटली.

पुढचे स्थानक ठाकुर्ली. तेथे उतरून उलट दिशेची गाडी मिळवून परत येईपर्यंत अर्धा तास गेला असेल. तो अर्धा तास मी आजही विसरू शकत नाही. त्या वेळी खिशात फोन नव्हते. डोंबिवलीच्या फलाटावर येऊन पाहते, तो बाकावर माझा मुलगा बसलेला, आणि त्याच्याजवळ नोकरीवरून परतणाऱ्या एक अनोळखी बाई मांडीवर पिशवी घेऊन गवार निवडीत बसलेल्या. आपले घर, आपला स्वयंपाक बाजूस ठेवून त्या तेथे थांबल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "मी त्याला विचारले, बाळ, तू कोठे राहतोस? तो म्हणाला, रत्नागिरीला. इथे कोठे उतरला आहात, ते त्याला सांगता येईना."

बंधुभगिनींनो, त्या माउलीचे नाव विचारण्याचेही भान मला राहिले नाही. पण तिच्या एका वाक्याने मला जे शिकविले, ते मी पुढे तीन गोष्टींत बांधले.

पहिली गोष्ट अशी, की मुले बरोबर असता मुक्काम असा निवडावा, की दुपारी जेवावयास आणि निजावयास परत येता येईल. मोठी माणसे शहर प्रेक्षणीय स्थळांच्या संख्येने मोजतात. मुलांचे शहर मात्र सकाळचे तीन तास आणि सायंकाळचे दोन तास एवढेच असते. मधली दुपार त्यांना अंथरुणावर मिळाली, तर सायंकाळ गोड जाते. ती रस्त्यावर गेली, तर सकाळी पाहिलेलेही कडू होते. खोली निवडताना भाडे किती हे अवश्य विचारावे, पण त्या आधी विचारावे, की आपण जेथे जाणार तेथून ही खोली अर्ध्या तासात गाठता येते काय?

दुसरी गोष्ट गर्दीच्या दिशेची. मुंबईची लोकवस्ती उत्तरेकडे पसरलेली, आणि जुन्या कचेऱ्या दक्षिणेकडे. म्हणून सकाळी माणसांचा लोंढा दक्षिणेकडे वाहतो आणि सायंकाळी उत्तरेकडे. जो उपनगरात उतरतो आणि शहर पाहावयास दक्षिणेस येतो, तो दोन्ही वेळा लोंढ्याबरोबर चेंगरतो. जो गिरगाव किंवा फोर्ट भागात उतरतो, तो सकाळी उत्तरेकडे जातो तेव्हा गाडी त्या मानाने मोकळी, आणि सायंकाळी परततो तेव्हाही मोकळी. भाड्यात दोन पैसे अधिक गेले, तरी मुलाचा हात सुटण्याचा धोका टळतो. हा हिशेब आम्ही १९८८ साली केला नव्हता.

तिसरी गोष्ट, पाच वर्षांच्या मुलाला सांगता येईल अशी मुक्कामाच्या जागेची खूण असावी. पहिल्याच सायंकाळी मुलाला त्या जागेभोवती फिरवावे, समोरचे देऊळ, कोपऱ्यावरचे दुकान दाखवावे, आणि नाव पाठ करून घ्यावे. शिवाय चिठ्ठीवर पत्ता व दूरध्वनी क्रमांक लिहून ती त्याच्या खिशात ठेवावी. आज प्रत्येकापाशी मोबाईल आहे हे खरे, पण हरवलेल्या मुलापाशी तो नसतो.

१९९१ च्या डिसेंबरात आम्ही पुन्हा मुंबईस गेलो, तेव्हा गिरगावातील एका साध्या बोर्डिंगात उतरलो. खोली लहान, न्हाणीघर सामाईक. पण सायंकाळी चौपाटीवर चालत जाता येई. एका सकाळी चर्नी रोडहून तीन स्थानके जाऊन महालक्ष्मीस उतरलो, आणि १९८५ साली सुरू झालेले वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र पाहिले. एके दिवशी मलबार हिलवरील कमला नेहरू उद्यानातील म्हातारीचा बूट, एके दिवशी मत्स्यालय. रोज एकच स्थळ. पहिल्या खेपेच्या निम्मीही ठिकाणे झाली नाहीत, पण जी झाली ती मुले आजही सांगतात. आता ती स्वतः आईबाप झाली आहेत.

आणि मावससासूबाई? त्या आरंभी रुसल्या. "आमचे घर जड झाले काय?" असे त्यांनी पत्रात लिहिले. मी त्यांना उत्तर लिहिले, की घर जड झाले नाही, गाडी जड झाली. रविवारी त्या स्वतः पोळ्यांचा डबा घेऊन गिरगावात आल्या, आणि मुलांबरोबर चौपाटीवर बसून भेळ खाल्ली. डोंबिवलीस आठ दिवसांत त्यांना स्वयंपाकघरातून उसंत मिळाली नव्हती. त्या सायंकाळी आम्ही प्रथमच निवांत बोललो. नातेवाईक असता लॉजमध्ये उतरणे म्हणजे नाते तोडणे, ही समजूत मी त्या दिवशी सोडली. आपणही ती सोडावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

आता आजच्या मुंबईतील निरनिराळ्या भागांविषयी थोडे सांगते. दादरला पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वे मार्गांच्या गाड्या मिळतात. आपल्या चवीचे जेवण, मुलांसाठी दूधभात, औषधाचे दुकान, सर्व पायाशी. प्रथम जाणाऱ्यास हा भाग सोयीचा. मात्र स्थानकालगतची खोली गोंगाटाची असते, म्हणून आतील गल्लीतील पाहावी. गिरगावाचे गुण वर सांगितलेच. फोर्ट व कुलाबा महाग, परंतु १९२४ साली खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हाकेच्या अंतरावर आहेत. या संग्रहालयात २०१९ पासून मुलांसाठी स्वतंत्र दालनही आहे. विमानतळाजवळच्या खोल्या पहाटेचे विमान गाठणाऱ्यास ठीक, किंवा ज्यांना बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यानच पाहावयाचे आहे त्यांना.

२०२५ च्या ऑक्टोबरपासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण मार्गाने धावू लागली. गिरगाव, काळबादेवी, वरळीचे विज्ञान केंद्र, सिद्धिविनायक, दादर आणि विमानतळ ही सर्व स्थानके एका मार्गावर आली. उद्वाहन असल्यामुळे लहान मूल व सामान घेऊन जिने चढण्याचे कष्ट वाचतात. या मार्गावरील स्थानकापासून पायी पाच मिनिटांवर खोली मिळाली, तर ती अवश्य घ्यावी.

खोली ठरविताना काही बारीक गोष्टी विचाराव्यात. आपल्या कोकणातून रात्री सुटणाऱ्या गाड्या मुंबईस पहाटे पोचतात, आणि पुष्कळ लॉजांचा दिवस दुपारी बारा वाजता सुरू होतो. पेंगुळलेल्या मुलांना घेऊन सहा तास कोठे बसणार? पहाटे खोली मिळेल काय, हे आधी ठरवून घ्यावे. गॅलरीचे कठडे आणि खिडक्यांचे गज मुलाचे डोके जाईल इतके विरळ नाहीत ना, हे स्वतः पाहावे. दूध तापविण्याची आणि पाणी उकळण्याची सोय विचारावी. पावसाळ्यात जावे लागले, तर हिंदमातासारख्या पाणी साचणाऱ्या सखल भागातील तळमजला टाळावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, हे मुंबई विसरलेली नाही. निघण्यापूर्वी सुट्टीचे वारही पाहावेत. राणीची बाग बुधवारी बंद असते, बोरिवलीचे उद्यान आणि घारापुरीची लेणी सोमवारी. बंद फाटकापुढे रडणाऱ्या मुलाची समजूत घालणे किती कठीण, हे ज्याने घातली आहे त्यालाच ठाऊक.

इतका वेळ मी सहलीविषयी बोलले. परंतु या सभागृहात असे काही आईबाप बसले आहेत, की ज्यांना मुंबई पाहावयास नव्हे, तर मूल दाखवावयास जावे लागले. परळला १९२९ सालापासून वाडिया मुलांचे रुग्णालय आहे, जवळच के. ई. एम. आणि टाटा रुग्णालय आहे. तेथे जाणाऱ्यास मी सांगितलेला दुपारचा नियम दुप्पट लागू पडतो. तपासणी सकाळी, अहवाल दुपारनंतर, आणि मधल्या वेळेत आजारी मुलाला आडवे करावयास जागा हवी. अशा वेळी दूरच्या नातलगाच्या प्रशस्त घरापेक्षा परळ-दादर भागातील एखादी धर्मशाळेची खोली अधिक मोलाची ठरते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना व त्यांच्या माणसांना आसरा देते. रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे अशा जागांची माहिती असते. ती विचारण्यात कमीपणा मानू नये.

शेवटी, मुंबईत राहणाऱ्या आपल्या सभासदांना हात जोडून एक विनंती करते. गावाकडून कोणी "मुले घेऊन येतो आहोत" असे कळविले, तर केवळ रीत म्हणून "आमच्याकडेच या, तासाभराचा प्रश्न" असे म्हणू नका. त्यांना कोठे जावयाचे आहे ते आधी विचारा. आपले घर त्या जागेजवळ असेल, तर आनंदाने बोलवा. दूर असेल, तर मोकळेपणाने तसे सांगा, जवळची एखादी स्वच्छ खोली पाहून द्या, आणि एका सायंकाळी डबा घेऊन त्यांना भेटावयास जा. आजच्या काळात आतिथ्य असेही करता येते. आणि गावाकडच्यांनी त्याचा राग मानू नये.

डोंबिवलीच्या फलाटावर माझ्या मुलाजवळ थांबलेल्या त्या बाई आपल्या ज्ञातीच्या होत्या की नव्हत्या, मला ठाऊक नाही. त्यांचे ऋण मला फेडता आले नाही. निदान आपल्यापैकी एखाद्या आईचा तो अर्धा तास वाचावा, एवढ्यासाठी हे चार शब्द बोलले.