भाव एकच

(समाजाच्या वार्षिक संमेलनात, नागपूर येथे दिलेले भाषण)



'विलायतेतील शहरे आणि तेथील बाजारहाट' या विषयावर चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाने मला आज्ञा केली. मी काही विद्वान प्रवासी नव्हे. गांधीबागेतील कापडाच्या दुकानात चाळीस वर्षे गादीवर बसलेला मी एक साधा दुकानदार. कन्या नोकरीनिमित्त मँचेस्टरला असते. तिच्याकडे तीन महिने राहून आलो, एवढाच माझा अधिकार. तरी गोड मानून घ्यावे.

मँचेस्टर हे नाव आपल्या विणकर समाजाला नवे नाही. आपले पूर्वज नागपूर-उमरेडकडे रेशीमकाठी धोतरे आणि लुगडी विणीत. १८६७ साली नागपुरास आगगाडी आली आणि तिच्याबरोबर लँकेशायरचे स्वस्त कापडही आले. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी हातमाग अडगळीत गेला आणि घरातला कर्ता पुरुष मिलच्या भोंग्यावर उठू लागला. ती मिलही २००२ साली बंद पडली. आज तिच्या जागेवर मॉल उभा आहे.

ज्या मँचेस्टरने आपले माग बसविले, त्याची आज काय अवस्था आहे, हे पाहण्याची मला उत्सुकता होती. तेथील रॉयल एक्स्चेंजच्या भव्य दिवाणखान्यात एके काळी जगभरच्या कापसाचे आणि कापडाचे सौदे होत. १९६८ च्या अखेरीस ते सौदे कायमचे थांबले. १९७६ पासून तेथे नाटके होतात. भिंतीवर उंच जागी शेवटच्या दिवसाचे भाव मात्र अजून तसेच आहेत. ते आकडे पाहून मला आनंद झाला नाही. आपल्याच बंद पडलेल्या मिलची आठवण झाली.

आता बाजाराकडे वळतो. मँचेस्टरच्या मार्केट स्ट्रीटवर गर्दी आपल्या सीताबर्डीइतकीच. परंतु मोटारींना मज्जाव असल्याने म्हातारी माणसेही निर्धास्त चालतात. दुकानात रांग असते आणि तिच्यात कोणी मध्येच घुसत नाही. प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी असते. लीड्स शहरातील कर्कगेट मार्केटमध्ये एक लोकरी मफलर मला आवडला. चाळीस वर्षांची सवय! मी बाईंना म्हटले, "थोडे कमी करा." मला चिठ्ठी वाचता आली नसावी, असे समजून त्या बिचारीने तीच किंमत हसतमुखाने मोठ्याने वाचून दाखविली. शेजारी कन्या लाजेने लाल झाली.

याच लीड्सच्या बाजारात १८८४ साली मायकेल मार्क्स नावाच्या एका गरीब ज्यू निर्वासिताने दुकान मांडले होते. रशियन साम्राज्यातून आलेल्या या मनुष्याला इंग्रजी फारसे येत नसे. त्याने पाटी लावली: भाव विचारू नका, एक पेनी! पुढे १८९४ साली टॉम स्पेन्सर त्याचा भागीदार झाला. आज मार्क्स अँड स्पेन्सर हे नाव कोणाला ठाऊक नाही?

परंतु माझ्या मनावर खरा ठसा उमटला तो रॉचडेलचा. मँचेस्टरहून ट्रामने जाता येते. तेथे टोड लेन नावाच्या गल्लीत एक लहानसे दुकान जपून ठेवले आहे. हातमागावर जगणारे तेथील विणकरही यंत्रमागापुढे आपल्यासारखेच देशोधडीस लागले होते. मजुरी तुटपुंजी, पिठात खडूची भेसळ, वजनात काटा मारलेला. तेव्हा अठ्ठावीस कामकऱ्यांनी, आणि त्यांत विणकर बरेच होते, आठवड्याला पेनी-दोन पेनी साठवून अठ्ठावीस पौंडांचे भांडवल जमविले आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी दुकान उघडले. माल काय? लोणी, साखर, गव्हाचे पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. नियम साधे: माल शुद्ध, वजन पुरे, व्यवहार रोखीचा, प्रत्येक सभासदाला एकच मत आणि नफ्याची वाटणी ज्याच्या-त्याच्या खरेदीच्या प्रमाणात. जगभरची सहकारी चळवळ या दुकानाला आपले उगमस्थान मानते.

त्या दुकानात उभा असताना मला एक जुना प्रसंग आठवला. तो सांगितल्यावाचून हे भाषण प्रामाणिक होणार नाही. अनेक वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील एक विधवा भगिनी मुलीच्या लग्नाचे कापड घ्यायला माझ्या दुकानी आली. रिवाजाप्रमाणे मी दीडपट भाव सांगितला. ती घासाघीस करील, हे मी गृहीत धरले होते. तिने मान खाली घालून पदराची गाठ सोडली आणि मागितले तेवढे पैसे मोजून दिले. मी ते घेतले. घासाघीस ही चतुराची सोय आणि भोळ्याचा दंड आहे, हे कळायला मला रॉचडेलपर्यंत जावे लागले.

तिकडचे सर्वच सोन्याचे आहे, असे मी म्हणत नाही. १७७८ सालापासून चालत आलेल्या डेबनहॅम्स या पेढीची ब्रिटनमधील सर्व दुकाने २०२१ साली बंद झाली. लोक घरबसल्या माल मागवू लागले. अनेक ठिकाणी पैसेही यंत्रापुढे भरावे लागतात. 'बसा, पाणी घ्या, मुलगा कसा आहे?' असे विचारणारे कोणी नाही. आपले हे धन आपण सोडू नये. गिऱ्हाईकाला बसायला जरूर द्यावे. फक्त त्याच्या भोळेपणावर नफा काढू नये.

म्हणून समाजबांधवांपुढे माझ्या दोनच विनंत्या आहेत. आपल्यातील दुकानदारांनी येत्या दिवाळीपासून प्रत्येक कापडावर खरा भाव लिहावा आणि तो मुलासाठी, म्हाताऱ्यासाठी, परक्यासाठी एकच ठेवावा. आणि आपल्यातील गिऱ्हाइकांनी, जे थोडे बांधव अजून मागावर बसतात त्यांच्याकडून निदान एक वस्त्र घ्यावे. रोखीने घ्यावे आणि घासाघीस न करता घ्यावे. माझ्या दुकानात चिठ्ठ्या लावायला मी प्रारंभ केला आहे. पहिल्या महिन्यात काही जुनी गिऱ्हाइके रुसून गेली, हे खरे; त्यांतील काही परतली आहेत.

ती भगिनी आज या सभेत असेल किंवा नसेल. असल्यास तिने माझ्या दुकानी यावे. तिचे काही देणे माझ्याकडे बाकी आहे.