दस्ता कुणाच्या मापाचा?



कामगार संघटनेच्या माणसाने रायफलीच्या दस्त्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही नेमबाज नाही. आमच्या काही सभासदांची मुले नेमबाजी शिकू लागली, त्यांच्या निमित्ताने आम्ही केंद्रावर चकरा मारल्या, नियमांची पुस्तके वाचली, जाणत्यांना विचारून घेतले. आणि जन्मभर कारखान्यांच्या दारात ज्या प्रश्नाशी झगडलो, तोच तिथे निराळ्या वेषात भेटला. हत्याराने माणसाच्या मापाचे व्हावे, की माणसाने हत्याराच्या?

आधी काम किती नाजूक आहे ते पाहू. ५० मीटरवरच्या निशाणात दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणजे साधारण करंगळीच्या नखाएवढे. १० मीटरच्या एअर रायफलीत तर तो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. रायफलीची पुढची माशी आणि मागचे पाहायचे भोक यांत ८० सेंटिमीटर अंतर धरा. माशी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने ढळली, तरी ५० मीटरवर गोळी ६ मिलिमीटरहून अधिक सरकते. मग हात स्थिर ठेवायचा कसा? आपल्याला वाटते, घट्ट पकडून. प्रत्यक्षात उलटे आहे. आवळलेला स्नायू थरथरतो आणि थकतो. हाड थकत नाही. म्हणून रायफलीचा भार हाडांवर टेकवायचा आणि स्नायू होता होईल तो मोकळे सोडायचे, ही या विद्येची किल्ली.

ते साधायचे तर दस्ता अंगाला बसला पाहिजे. दस्ता लांब असला, की नेमबाज पुढे ताणला जातो. आखूड असला, की चेहरा मागच्या भोकाला जाऊन भिडतो. गाल टेकायची पट्टी खाली असली, तर डोळा भोकामागे आणण्यासाठी मान वाकडी करून डोके दाबावे लागते. वर असली, तर डोके उचलून धरावे लागते. ती इतकी उंच हवी, की डोक्याचा भार नुसता तिच्यावर सोडला तरी डोळा आपोआप जागेवर यावा. मूठ आणि चाप यांत इतकेच अंतर हवे, की बोटाचे पहिले पेर चापाला सरळ मागे ओढील, बाजूला ढकलणार नाही.

माप घेण्याची रीतही शिकण्यासारखी आहे. आधी रायफल नव्हे, बैठक ठरवायची. अंग सोयीने ठेवायचे, डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास सोडायचे, मग डोळे उघडायचे. माशी निशाणापासून दूर दिसली, तर रायफल हाताने रेटायची नाही. पाय सरकवून सगळे अंगच वळवायचे. आणि डोळा भोकामागे आला नसेल, तर मान वाकवायची नाही, पट्टी हलवायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, किती मिलिमीटर ते वहीत टिपायचे, काही दिवस नेम मारून पाहायचे, मगच दुसरीला हात लावायचा.

एका माणसालाही एकच माप पुरत नाही. तीन बैठकांच्या स्पर्धेत गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून प्रत्येकी २० गोळ्या मारतात. उभे राहताना खांद्याला लागणारी पट्टी खाली सरकवतात. म्हणजे रायफल वर येते आणि मान ताठ राहते. पालथे पडले, की हीच मापे बदलतात. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच स्पर्धेत ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले. ते तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. रेल्वेच्या कामगाराचे हे यश ऐकून आमची छाती फुगली, हे लपवीत नाही.

कोणी म्हणेल, ही श्रीमंतांची चैन. सैनिक कुठे दस्ता मापून घेतो? तर ऐका. पहिल्या महायुद्धातली ली-एन्फील्ड रायफल चार लांबींच्या दस्त्यांत मिळे, एकेकात अर्ध्या इंचाचा फरक. माणसे तोफेच्या तोंडी देणाऱ्या साम्राज्यालाही कळले होते, की बुटक्या शिपायाला लांब दस्ता दिला तर नेम चुकतो. पुढे १९५० मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने ४,०६३ वैमानिकांची मापे घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुणाने त्यांतली दहा मापे निवडून ताडून पाहिली. दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही वैमानिक निघाला नाही! सरासरी माणसासाठी केलेली बैठक कुणाचीच नव्हती. पुढे मागे-पुढे होणाऱ्या बैठका आल्या.

आता आमच्या अनुभवाचे सांगतो. एका कारखान्यात यंत्राचा पाट उंच होता. ठेंगण्या बाया दिवसभर खांदे उचलून काम करीत, आणि खांदा धरला की ‘कामचुकार’ म्हणून ऐकून घेत. संघटनेने मागितले ते एवढेच, की पायाखाली लाकडी फळी द्या. ती मिळायला आठ महिने लागले. नेमबाजीच्या केंद्रातही हेच चालते. मोठ्या माणसाच्या मापाची जुनी रायफल बारा वर्षांच्या पोरीच्या हाती देतात, ती डगमगली की म्हणतात, ‘हिच्या हातात स्थिरता नाही.’ पोर ते खरे मानते आणि घरी बसते. दोष दस्त्याचा आणि शिक्का पोरीवर.

इथे समतेचा एक गैरसमज आड येतो. सर्वांना एकच माप म्हणजे समता, असे पुष्कळांना वाटते. खेळाचा नियम अधिक शहाणा आहे. ५० मीटरची रायफल ८ किलोंहून जड नको, एअर रायफल साडेपाच किलोंहून जड नको, या मर्यादा सर्वांना सारख्या. स्पर्धेत त्या तपासल्याही जातात. त्या मर्यादेच्या आत दस्ता मात्र ज्याचा त्याने आपल्या अंगाला बसवायचा.

म्हणून केंद्रे चालवणाऱ्यांना आमची विनंती आहे. सगळ्यांना महागडी रायफल देणे आपल्या गावाला झेपणार नाही. पण खांद्याच्या पट्टीखाली घालायच्या चार चकत्या, गालाखालची एक सरकती पट्टी, एक मोजपट्टी आणि प्रत्येक मुलाच्या नावाची एक वही, एवढे तर झेपेल? पोराला नालायक ठरवण्याआधी एकदा दस्ता मोजा.